पाच फूट सहा इंचांचं कार्ड: रे मिस्टेरिओ समजून घेताना

शाळेच्या मधल्या सुट्टीत ट्रम्प कार्ड खेळलेल्यांना आठवत असेल. पत्त्यांसारखी कार्डं, वर कुस्तीगीराचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक असे आकडे. बिग शो किंवा अंडरटेकर हातात आला की डोळे झाकून ‘हाइट’ म्हणायचं आणि समोरच्याचं कार्ड ओढून घ्यायचं. रे मिस्टेरिओ आला की पंचाईत. उंची म्हणावी तर हरणार, वजन म्हणावं तर हरणार, छाती काढली तरी तेच. तरीही आमच्या वर्गात रे मिस्टेरिओचं कार्ड ज्याच्याकडे असे, तो ते डावात उतरवायचाच नाही. कंपासपेटीत वेगळं ठेवायचा.

कारण टीव्हीवर वेगळंच दिसायचं. मास्क घातलेला हा बुटका माणूस दोऱ्यांवरून उड्या मारत त्याच सात फुटी धिप्पाडांना लोळवायचा. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं म्हणून विषय मिटवता येतो. पण ज्या धंद्यात देहाचा आकार हेच भांडवल, त्यात पाच फूट सहा इंच उंचीचा आणि जेमतेम ऐंशी किलोचा माणूस तीस-पस्तीस वर्षं टिकतो कसा? याचं उत्तर कीर्तीत नाही, कारागिरीत आहे.

आधी ‘हे सगळं खोटंच ना?’ हा नेहमीचा प्रश्न उरकून टाकू. हो, ही नुरा कुस्ती आहे. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. पण नुरा म्हणजे सोपी, असं नाही. रिंगच्या कॅनव्हासखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी सांगाडा असतो. निकाल ठरलेला असला तरी पडणं खरंच असतं. आपल्या लाल मातीत एकाला दुसऱ्याचा डाव मोडायचा असतो. इथे दोघांना मिळून एक डाव पूर्ण करायचा असतो, आणि तोही भांडल्यासारखा दिसेल असा. रे मिस्टेरिओचं सगळं कसब या ‘मिळून’मध्ये आहे.

तिहुआनाची तालीम

त्याचं खरं नाव ऑस्कर गुतिएरेझ. जन्म ११ डिसेंबर १९७४, कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा गावात. म्हणजे कागदोपत्री अमेरिकन. पण आईवडील मेक्सिकन, आणि सीमा ओलांडली की लगेच मेक्सिकोचं तिहुआना. तिथे त्याचा मामा ‘रे मिस्तेरिओ’ या नावाने मास्क घालून कुस्त्या खेळायचा आणि पोरांना शिकवायचाही. ऑस्कर घडला तो या तालमीत. ३० एप्रिल १९८९ ला त्याने पहिली कुस्ती खेळली, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. सुरुवातीला त्याला नावं मिळाली ती ‘हिरवी पाल’ आणि ‘कोलिब्री’ म्हणजे हमिंगबर्ड अशी. अंगकाठीकडे पाहूनच ठेवलेली. पुढे मामाने स्वतःचं नाव त्याला दिलं: रे मिस्तेरिओ ज्युनियर. मेक्सिकन कुस्तीत ‘ज्युनियर’ म्हणजे पोटचा मुलगाच असतो असं नाही. नाव हा वारसा असतो, आणि तो भाच्यालाही मिळतो.

मेक्सिकोतल्या या कुस्तीला ‘लुचा लिब्रे’ म्हणतात. तिची संघटित सुरुवात १९३३ ची, साल्व्हादोर लुतेरोथ या माणसाने सुरू केलेल्या कंपनीपासून. अमेरिकन कुस्ती वाढली ती पहाडासारख्या देहांवर. मेक्सिकोत हलक्या वजनाच्या मल्लांना पहिल्यापासून मान होता, म्हणून तिथे वेग आणि उड्यांची भाषा तयार झाली. तिथल्या कुस्त्या बऱ्याचदा तीन फेऱ्यांच्या असतात, दोन जिंकेल तो विजेता. खेळाडू दोन जातींचे: ‘टेक्निको’ म्हणजे नियमाने खेळणारा, आणि ‘रुडो’ म्हणजे दांडगाई करणारा. लोक दोघांच्याही प्रेमात असतात, फक्त ते व्यक्त करायची पद्धत वेगळी.

इथे एक गल्लत होते ती दूर करतो. मेक्सिकोत ‘मिनी’ नावाचा वेगळा गट आहे. त्यात फार कमी उंचीचे मल्ल असतात आणि अनेकदा ते एखाद्या मोठ्या ताऱ्याची छोटी आवृत्ती म्हणून उतरतात, त्याच रंगाचा मास्क घालून. मास्कारिता साग्रादा हे त्यातलं गाजलेलं नाव. ६ नोव्हेंबर १९९४ ला ‘ट्रिपल ए’ या मेक्सिकन कंपनीने लॉस एंजेलिसमध्ये मोठा कार्यक्रम केला, त्यात मास्कारिता साग्रादाही होता आणि १९ वर्षांचा रे मिस्तेरिओ ज्युनियरही. पण वेगवेगळ्या कुस्त्यांत. रे ‘मिनी’ कधीच नव्हता. तो चारचौघांसारख्या उंचीचा माणूस, फक्त राक्षसांच्या गावात राहायला गेलेला.

झेलणाऱ्याची कला

आता एक डाव जवळून पाहू. नाव ‘हुराकानराना’, उराकान रामिरेझ या मेक्सिकन मल्लाच्या नावावरून पडलेलं. रे धावत येतो, उडी मारून समोरच्याच्या खांद्यावर बसतो, तोंड त्याच्याकडे, मांड्या त्याच्या मानेभोवती. मग स्वतःला मागे झोकून देतो. त्याचं डोकं जमिनीकडे जातं आणि समोरचा धिप्पाड गडी हवेत कोलांटी घेऊन पाठीवर आदळतो.

ऐंशी किलोचा माणूस एकशेवीस किलोच्या माणसाला केवळ मांड्यांच्या जोरावर असा उलटवू शकत नाही. उलटणारा स्वतः उलटतो. आधी तो रेला खांद्यावर नीट घेतो आणि तोल सांभाळतो. मग नेमक्या क्षणी पाय जमिनीवरून सोडतो, हनुवटी छातीला लावून गोल होतो आणि पाठभर पसरून पडतो. क्षणभर उशीर झाला तर रे डोक्यावर पडणार, घाई झाली तर पब्लिकला कळणार की हा स्वतःच उडाला. म्हणजे उडणाऱ्याइतकीच झेलणाऱ्याची कला. तिहुआनाचाच सिकोसिस यात वाकबगार होता. १९९५ मध्ये हे दोघे फिलाडेल्फियाच्या ‘ईसीडब्ल्यू’ कंपनीत गेले, तेव्हा खुर्च्या आणि रक्त पाहायला आलेलं तिथलं पब्लिक या दोन पोरांच्या उड्या बघत राहिलं.

मग रेचं काम काय, तो तर उडी मारून मोकळा? नाही. आपला भार तो झेलणाऱ्याच्या हातात अशा जागी आणि अशा गतीत देतो की समोरच्याला उडणं सोपं जावं. आणि दुसरं काम जास्त अवघड: पुढच्या दहा मिनिटांत तो मार खातो. नुसता खात नाही, दाखवून खातो. मोठ्या माणसाचा एक धक्का लागला की रे तिप्पट लांब जाऊन पडतो, गुडघा धरून लंगडतो, दोरीला धरून उठायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा बसतो. त्यामुळे मोठा माणूस आणखी मोठा दिसतो. म्हणूनच मोठ्यांना त्याच्याशी खेळायला आवडायचं, असा माझा अंदाज आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की कोणीही पहाड वाटायचं.

याचे दोन नमुने सांगतो. २९ जुलै १९९६, ओरलँडो. रे तेव्हा ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ कंपनीत नुकताच आला होता. स्टुडिओबाहेर मारामारीचा प्रसंग चालू असताना त्याने केविन नॅश या जवळपास सात फुटी माणसावर उडी घेतली. नॅशने त्याला हवेतच पकडला आणि भाला फेकावा तसा आडवा फेकला, थेट उभ्या ट्रेलरच्या पत्र्यावर, डोकं पुढे. दुसरा एप्रिल २००३ मधला. कुस्ती संपल्यावर रेला स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधून नेत होते, तेवढ्यात बिग शो आला. त्याने रेसकट ते स्ट्रेचर उचललं आणि बॅटसारखं फिरवून रिंगच्या खांबावर आपटलं. हात बांधलेले, सावरायला काही नाही. हे आधी ठरलेलं होतं हे माहीत असूनही मला ते आजही सलग बघवत नाही.

मास्क म्हणजे टोपी नव्हे

लुचा लिब्रेत मास्क हा पोशाखाचा भाग नाही, ती अब्रू आहे. एल सांतो या सर्वांत मोठ्या मल्लाने चाळीसेक वर्षं चंदेरी मास्क वागवला. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा त्याला मास्कसकटच पुरण्यात आलं. तिथली सर्वांत मोठी कुस्ती विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी होत नाही, पैजेसाठी होते: मास्क विरुद्ध मास्क, किंवा मास्क विरुद्ध डोक्यावरचे केस. हरणाऱ्याने भर रिंगमध्ये मास्क काढायचा आणि खरं नाव, गाव, इतकी वर्षं खेळतोय हे सांगायचं. एकदा उतरलेला मास्क पुन्हा चढवायचा नाही, असा रिवाज.

अशीच एक पैज २६ ऑक्टोबर १९९७ ला लास व्हेगासमध्ये लागली. एका बाजूला एडी गरेरोचा क्रूझरवेट, म्हणजे हलक्या वजनाच्या मल्लांचा पट्टा, दुसरीकडे रेचा मास्क. एडी मेक्सिकोतल्या नामांकित कुस्ती घराण्यातला. रेने त्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत जांभळा पोशाख घातला होता, मास्क त्याच पोशाखाला जोडलेला. चौदाएक मिनिटं एडीने पाठ आणि मास्क या दोनच गोष्टींवर हल्ला चढवला. मास्क फाटत चालला होता आणि फटीतून चेहऱ्याचे तुकडे दिसत होते. शेवटी एडीने त्याला कोपऱ्यातल्या सर्वांत वरच्या दोरीवरून खांद्यावर घेऊन आपटायला उचललं, आणि तिथेच, वर असतानाच, रेने तो डाव हुराकानरानात फिरवला. एक, दोन, तीन. रे जिंकला. मला विचाराल तर रे मिस्टेरिओची एकच कुस्ती बघायची असेल तर ही बघा. दोन निष्णात माणसं एकमेकांचा जीव सांभाळत एकमेकांच्या जिवावर उठल्याचं नाटक इतक्या सफाईने करताना फार कमी दिसतात.

पुढे पंधरा-सोळा महिन्यांत मास्क गेलाच. २१ फेब्रुवारी १९९९ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, केविन नॅश आणि स्कॉट हॉल यांच्याविरुद्धच्या जोडीच्या कुस्तीत. कंपनीचा निर्णय होता. तो आपल्याला पटला नव्हता, हे रेने नंतर उघड सांगितलं. मास्कमागून एक कोवळा, कॉलेजातला वाटावा असा चेहरा निघाला. कंपनीने मग त्याला मोठमोठ्यांना हरवायला लावलं, पण हिशेब चुकला होता. मास्क असताना तो कोणीही असू शकत होता, अगदी तुमच्या शेजारचा मुलगाही. मास्क गेल्यावर तो फक्त एक लहानखुरा तरुण उरला.

२००१ मध्ये ती डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनी विकली गेली. २५ जुलै २००२ ला तो ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ कंपनीच्या स्मॅकडाऊन या टीव्ही कार्यक्रमात आला, तेव्हा नावातला ‘ज्युनियर’ गेला होता आणि मास्क परत आला होता. परंपरा मानणाऱ्या मेक्सिकन लोकांना हे रुचलं नाही, आणि त्यांच्या नियमाने ते बरोबरच होते. पण आपल्यासारख्या, टेन स्पोर्ट्सवर त्याला पहिल्यांदा पाहणाऱ्यांना आधीचं काही माहीतच नव्हतं. रिंगकडे येताना तो मास्क घातलेलं लहान पोर दिसलं की थांबायचा, आणि कपाळाला कपाळ टेकवून पुढे जायचा. त्या मास्कची विक्री किती झाली असेल, याचा हिशेब कंपनीने नक्कीच ठेवला असणार.

सहा-एक-नऊ

त्याचा ठेवणीतला डाव ‘सिक्स वन नाइन’. हा चक्क सॅन डिएगोचा, म्हणजे चुला व्हिस्टाच्या शेजारच्या शहराचा, टेलिफोन कोड आहे. कोल्हापूरच्या पैलवानाने आपल्या डावाला ‘शून्य-दोन-तीन-एक’ म्हणावं, तसं.

प्रतिस्पर्धी मधल्या दोरीवर गळा टेकून लोंबकळत असतो, तोंड बाहेर. रे समोरच्या दोऱ्यांवर आदळून वेग घेतो, पळत येतो, वरची आणि मधली दोरी हातांनी धरतो आणि त्या दोन दोऱ्यांमधून अख्खं शरीर बाहेर काढून गर्रकन फिरवतो. दोन्ही पाय समोरच्याच्या तोंडावर बसतात. मूळ कल्पना जपानच्या सातोरू सायामाची, म्हणजे पहिल्या टायगर मास्कची. तो बाहेर झेप घेण्याचं नाटक करायचा आणि दोऱ्यांमधून फिरून परत आत यायचा. ती हूल होती. रेने त्या हुलीचा वार केला.

यातली गंमत सगळ्यांना माहीत आहे: वर्षानुवर्षं प्रत्येक मल्ल, रिंगमध्ये कुठेही असला, तरी बरोबर त्याच दोरीवर येऊन पडतो. आम्ही मुलं त्याच क्षणाला ओरडायचो. आता होणार. हे आपोआप पडणं म्हणजेच या खेळातला करार.

२० मार्च २०१५ ला हाच करार भयंकर रीतीने फसवा ठरला. ठिकाण तिहुआना, त्याचंच गाव म्हणावं असं. समोर पेर्रो आग्वायो ज्युनियर, वय ३५, मेक्सिकोतला मोठा तारा. रेने त्याला उडी मारून लाथ घातली आणि तो मधल्या दोरीवर गळून पडला, अगदी ठरलेल्या मुद्रेत. पण हा तसा पडला नव्हता. मानेच्या मणक्यांना इजा झाली होती. काही क्षण कुस्ती चालूच राहिली, कारण दोरीवर निपचित पडलेला माणूस हे या डावातलं नेहमीचं चित्र होतं. आग्वायो वाचला नाही.

छोटा राजा, मोठी पंचाईत

थोडं मागे जातो, कारण त्याच्या कारकिर्दीचं शिखर २००६ चं. १३ नोव्हेंबर २००५ ला एडी गरेरो ३८ व्या वर्षी अचानक गेला. दोघे खऱ्या आयुष्यात जिवलग होते. जानेवारीत रॉयल रंबल झाली. ठरावीक अंतराने एकेक करून तीस जण रिंगमध्ये येतात, वरच्या दोरीवरून बाहेर पडला तो बाद, उरेल तो विजेता. रे दुसऱ्या क्रमांकाने आला आणि ६२ मिनिटं टिकून जिंकला. २ एप्रिलला शिकागोजवळ रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात कर्ट अँगल आणि रँडी ऑर्टन या दोघांना मागे टाकून त्याने वर्ल्ड हेवीवेट पट्टा घेतला. हेवीवेट, म्हणजे वजनदारांचा. त्या कंपनीच्या इतिहासात इतका लहान विजेता कोणी झाला नव्हता.

आणि मग कंपनीला त्याचं काय करावं ते कळेना. विजेता असूनही तो आठवड्यामागून आठवडे हरत राहिला. त्या मे महिन्यात ग्रेट खली, म्हणजे आपला दलीप सिंग राणा, याने त्याला सहज चिरडलं. भारतात लोक खुश. मी मात्र दोघांचेही फोटो जमवायचो, त्यामुळे कोणाच्या बाजूने ओरडायचं तेच कळेना. ११२ दिवसांनी बुकर नावाच्या मल्लाने पट्टा काढून घेतला. दुबळा वाटणारा माणूस जिंकेल की नाही, ही हुरहुर हेच रेचं भांडवल होतं, हे मान्य. पण तो हरल्याने हुरहुर वाढत नाही, फक्त पट्टा स्वस्त होतो. कथानकं लिहिणाऱ्यांना हा फरक कळला नाही, असं माझं मत. २०११ मध्ये त्याला कंपनीचा दुसरा मोठा पट्टा मिळाला, तोही त्याच रात्री जॉन सीनाने नेला.

उड्यांची किंमत गुडघ्यांनी मोजली. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, मधली काही वर्षं तो या कंपनीतून बाहेरही होता, आणि २०१८ मध्ये परत आला. खेळ बदलला होता. उड्या कमी, पण कोणत्या क्षणी मारायच्या ते ज्ञान जास्त. तोवर त्याच्यासारख्या उंचीची माणसं सगळीकडे दिसू लागली होती. ज्या ‘ट्रिपल ए’त त्याने नाव कमावलं, ती कंपनी विकत घेत असल्याचं डब्ल्यूडब्ल्यूईने २०२५ मध्ये जाहीर केलं.

आता रेच्या पोराची गोष्ट. २००५ च्या उन्हाळ्यात, एडी जिवंत असताना, कंपनीने एक अजब कथानक रचलं होतं. रेचा आठ वर्षांचा मुलगा डॉमिनिक खरं तर एडीचा, असं सांगितलं गेलं. शिडीवर चढून वर टांगलेली ताब्याची कागदपत्रं जो काढेल, मुलगा त्याचा. डॉमिनिक रिंगच्या कडेला बसून हे सगळं बघत होता. आम्हीही, अक्षरशः श्वास रोखून. ती कुस्ती रेने जिंकली.

तो मुलगा मोठा होऊन कुस्तीत आला, मास्क न घालता. २०२१ मध्ये बापलेकांनी मिळून जोडीचा पट्टा जिंकला. पुढच्याच वर्षी पोराने भर कार्यक्रमात बापावर हात टाकला आणि महिनोन् महिने जाहीर अपमान करत राहिला. रे त्याला मारायला तयार नव्हता, आणि कथानक त्या नकारावरच तोललेलं होतं.

३१ मार्च २०२३ ला रेचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसमध्ये रेसलमेनिया. डॉमिनिक तुरुंगाच्या गाडीतून आला, बाप सॅन डिएगोच्या रस्त्यांवर शोभेल अशा जुन्या सजवलेल्या गाडीतून. पोराने रिंगच्या कडेला बसलेल्या आईशी आणि बहिणीशी वाद घातला, तेव्हा रेचा संयम सुटला. शेवटी डॉमिनिक पडला तो बरोबर मधल्या दोरीवर. ६१९ बसला. मग रे वरच्या दोरीवर चढला आणि त्याने हात-पाय फाकून झेप घेतली. ती झेप एडी गरेरोची.